शाळांच्या वार्षिक अहवालात तिसरीचा वर्ग पहिल्या पानावर हवा

सन्माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

२०२५-२६ चे शैक्षणिक वर्ष संपले, निकालपत्रके मुलांच्या हाती पडली आणि विदर्भातील शाळांना उन्हाळी सुट्ट्या लागल्या. याच दिवसांत जिल्हा परिषद आणि महानगरपालिका या दोन्ही ठिकाणी शिक्षण विभागाच्या वर्षभराच्या कामाचे अहवाल तयार होतात. मी नागपूर जिल्ह्यातील कुही, भिवापूर आणि उमरेड या तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांत एकतीस वर्षे शिकवले आणि त्यातील शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिका म्हणून असे अहवाल स्वतः लिहिले. त्यामुळे त्यांच्या पहिल्या पानावर काय येते आणि शेवटच्या पानापर्यंतही काय येत नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्या पानावर शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेली मुले येतात, नवेगाव खैरीच्या जवाहर नवोदय विद्यालयात निवड झालेली मुले येतात, रंगवलेल्या भिंती, परसबाग, नवे डिजिटल फळे आणि क्रीडास्पर्धांतील ढाली येतात. हे सारे खरे असते आणि त्यामागे शिक्षकांचे कष्टही असतात. येत नाही ते एवढेच, की शाळेत तिसरीत मुले किती आणि त्यांतील किती मुलांना पूर्वी कधी न पाहिलेला मजकूर समजून वाचता येतो. जिल्ह्याने आपल्या कामाच्या प्राधान्यक्रमात ही एक गोष्ट सर्वांत वर ठेवावी आणि वर्षाचे यशही आधी याच आकड्याने मोजावे, एवढे म्हणण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

निवृत्तीनंतर मी नागपुरात राहते आणि आठवड्यातून दोन दिवस शहरातील एका शाळेत लहान वर्गांतील मुलांना वाचनासाठी बसवते. गेल्या डिसेंबरात तिसरीतील एक मुलगी पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली. तिने धडा घडाघडा वाचला. स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्ह आले तेव्हा आवाज चढवला. मी त्याच पानावरील मधल्या एका ओळीवर बोट ठेवले आणि इथून वाच म्हटले. ती गप्प झाली. धड्याच्या सुरुवातीपासून पुटपुटत माझ्या बोटापर्यंत पोहोचण्याचा तिने प्रयत्न केला, पण मध्येच कुठे तरी तिचा धागा तुटला. मग मी वहीत 'म्हशीच्या पाठीवर बगळा बसला' असे एक वाक्य लिहून दिले. 'बगळा' तिने अक्षराला अक्षर जोडून काढला, 'पाठीवर' थोड्या प्रयत्नाने जमला, पण 'म्हशीच्या' या शब्दापाशी ती अडली ती अडलीच, कारण त्यातील दोन्ही जोडाक्षरे तिच्या ओळखीची नव्हती. 'मॅडम, मले धडा येते, हे नाही येत,' असे ती अगदी सरळपणे म्हणाली. तिला संपूर्ण धडा पाठ होता. वर्गात ऐकून ऐकून तिने तो साठवला होता, आणि ही काही कमी बुद्धीची खूण नव्हे. तिच्या बाईही प्रामाणिक आणि मेहनती आहेत, परंतु त्यांच्यापुढे एक्केचाळीस मुले असतात आणि एक्केचाळीस मुलांच्या ओळीवर रोज वेगवेगळ्या ठिकाणी बोट ठेवणे कोणालाही शक्य नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले, ते याच कारणाने.

त्या मुलीच्या निकालपत्रकावर श्रेणी चांगली आहे. आमच्या अहवालांची अडचण नेमकी इथे आहे. पाठ केलेला धडा म्हणून दाखवला तरी श्रेणी मिळते आणि अनोळखी ओळ वाचली तरी तीच श्रेणी मिळते. कागदावर दोन्ही मुले सारखीच दिसतात. चौथीत गेल्यावर मात्र फरक उघड होतो. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवाजी महाराजांचा इतिहास येतो, सलग परिच्छेदांत येतो आणि तो ऐकून पाठ होण्याइतका लहान नसतो. गणितात शाब्दिक उदाहरणे येतात. बेरीज-वजाबाकी उत्तम येणारी मुले 'शिल्लक किती' आणि 'जास्त किती' यांत गोंधळतात, तेव्हा शिक्षक म्हणतात की मुलांचे गणित कच्चे आहे. पुष्कळदा कच्चे असते ते वाचन. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, अशी पद्धत राज्यात आली आहे. पाचवीत अडलेल्या मुलासाठी जी धावपळ शाळा मे-जूनमध्ये करतात, तिचे मूळ दोन वर्षे मागे, तिसरीच्या वर्गात असते.

हे मापन कसे करायचे, हेही नव्याने शोधावे लागणार नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले, त्यात तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत आणि त्याला ९९९९ पर्यंतच्या संख्यांची ओळख असावी, असे स्पष्ट लिहिले आहे. हे उद्दिष्ट गाठण्यासाठी ठरवलेले वर्ष २०२६-२७ आहे, म्हणजे जूनमध्ये सुरू होणारेच वर्ष. राज्यानेही मार्च ते जून २०२५ या काळात दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम राबवला, शिक्षकांनी मुलांचे स्तर तपासले आणि नोंदी ऑनलाइन भरल्या. म्हणजे आकडे आहेत. ते वर्गातून पोर्टलवर जातात आणि तिथून शाळांची माहिती एकत्र करणाऱ्या पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रापर्यंत पोहोचतात; गावात परत येत नाहीत. आपल्या शाळेतील किती मुले कोणत्या स्तरावर आहेत, हे त्या मुलांच्या आईवडिलांना, शाळा व्यवस्थापन समितीला किंवा सरपंचांना ठाऊक नसते.

आपल्या जिल्हा परिषद शाळांनी केलेल्या कामांतील एक काम माझ्या मते सर्वांत मोठे आहे आणि त्याची सर्वांत कमी दखल घेतली गेली आहे. ते म्हणजे चावडी वाचन. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास आमच्याकडे ही पद्धत रुजू लागली आणि निपुणच्या निमित्ताने तिला पुन्हा बळ मिळाले. मुलांनी गावाच्या चावडीवर, पारावर किंवा समाजमंदिरात सर्वांसमोर वाचायचे, ऐकणाऱ्यांनी हवा तो मजकूर पुढे करायचा. कुही तालुक्यातील माझ्या शाळेत आम्ही हे पहिल्यांदा केले, तेव्हा वीस-पंचवीस माणसे कशीबशी जमली. मुलांनी गोष्टींची पुस्तके वाचून दाखवली आणि टाळ्या पडल्या. मग मागे उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने कपाशीवर फवारायच्या औषधाच्या बाटलीसोबत आलेले घडीचे पत्रक पुढे केले आणि चौथीतील आपल्याच मुलाला ते वाचायला सांगितले. अक्षर फार बारीक होते. मुलगा पत्रक डोळ्यांजवळ धरून हळूहळू वाचत गेला: वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, फवारणी करताना तंबाखू खाऊ नये, रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये. बाप खाली मान घालून ऐकत होता. 'आतापर्यंत दुकानदार सांगे तेवढंच मले माहीत होतं,' एवढेच तो बोलला. पुढच्या महिन्यात पाराजवळ बसायला जागा उरली नाही. लोक घरातून कागद घेऊन आले. कोणी सोसायटीची नोटीस आणली, कोणी औषधाचा खोका, तर एका आजीने मुलाने पाठवलेले जुने पत्र आणले. त्या वर्षी माझ्या शाळेचे एकही मूल शिष्यवृत्तीच्या यादीत नव्हते आणि माझ्या अहवालाचे पहिले पान रिकामेच होते. तरीही माझ्या नोकरीतील सर्वांत यशस्वी वर्ष मी तेच मानते.

अशीच दुसरी गोष्ट म्हणजे शाळा पूर्वतयारी मेळावे आणि त्यातून उभे राहिलेले माता पालक गट. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आया एकत्र बसून घरच्या घरी तांदूळ-डाळ वेगळी करणे, चमचे मोजणे, चित्र पाहून गोष्ट सांगणे असे खेळ घेतात. ज्या गावांत हे गट टिकले, तिथे पहिलीचे मूल शाळेत आल्यावर महिनाभर रडत बसत नाही आणि शिकवणे लवकर सुरू होते. यावर खर्च जवळजवळ होत नाही, म्हणूनच बहुधा त्याची नोंद कुठल्या कामगिरीत होत नाही.

शिकवायला वेळ किती मिळतो, हा यातील कळीचा मुद्दा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवे. शाळा उघडी राहिल्याचे दिवस कागदावर पूर्ण भरतात. शिक्षक वर्गात होता असे दिवस कोणी मोजत नाही. कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्याची मुभा ठेवली आहे. सरत्या वर्षात महापालिकेची निवडणूक झाली, १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मतदार याद्यांचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि प्रशिक्षणे वेगळी असतात. येत्या वर्षात २०२७ च्या जनगणनेचे काम आहे. ही राष्ट्रीय कर्तव्ये आहेत आणि शिक्षकांनी ती केली पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जनगणनेचे काम मीही केले आहे आणि गावातील शाळेबाहेरची तीन मुले मला त्याच फेरीत सापडली होती. प्रश्न एवढाच, की ज्या दिवशी दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक या कामावर जातो, त्या दिवशी पहिली ते पाचवीचे पाचही वर्ग एकाच शिक्षकाच्या हाती असतात. त्यातच ऑनलाइन हजेरी, पोषण आहाराची रोजची माहिती, चाचण्यांचे गुण, शाळांची माहिती नोंदवणाऱ्या यूडायस प्रणालीतील दुरुस्त्या आणि आदल्या संध्याकाळी मागवलेली 'तातडीची' माहिती. प्रत्येक शाळेने वर्षाअखेरीस एकच ओळ लिहावी: शिक्षक शिकवण्याव्यतिरिक्त इतर कामांसाठी वर्गाबाहेर किती दिवस होते. त्या ओळीला कोणाचा दोष समजू नये. ती समोर ठेवली तरच तालुक्याला पुढच्या वर्षी कोणत्या शाळेतून किती जणांना काढायचे, हे शहाणपणाने ठरवता येईल.

लहान शाळांची अवस्था या दृष्टीने फार नाजूक आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने पटसंख्येनुसार पदे ठरवण्याचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतील पदे, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांची, धोक्यात आली. त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधीचा निकाल आला, आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, पण ही परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण होणे भाग पडले. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेली माझी सहकारी शिक्षिका रात्री जेवणे आटोपल्यावर बालमानसशास्त्राच्या प्रश्नसंचिका सोडवते. ती परीक्षा उत्तीर्ण होईल याची मला खात्री आहे. तथापि शिक्षकांच्या मनावरील हा भार वर्गात उतरतो, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, आणि तिच्यासारख्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मार्गदर्शनाची सोय करावी. एवढे करणे जिल्ह्याच्या हातात आहे.

मुलांच्या हजेरीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तो जिल्ह्याच्या मातीशी जोडलेला प्रश्न आहे आणि मुंबई-पुण्यात बसून तो दिसत नाही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. भिवापूर, कुही आणि मांढळ या पट्ट्यात हिवाळा सुरू झाला की मिरचीचे सातरे सुरू होतात. लाल मिरचीच्या ढिगाभोवती बाया सकाळपासून बसतात, डेठ खुडतात, आणि मजुरी वजनावर मिळते. सकाळी लवकर निघालेल्या आईच्या मागे घरी लहान बाळ असते, आणि ते सांभाळायला चौथी-पाचवीतील मुलगी थांबते. जानेवारी ते मार्च या महिन्यांत माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे जी लागोपाठ गैरहजेरी लागे, तिचे कारण हेच असे. त्यातील काही मुली दुपारी शाळेत येत, तेव्हा त्यांच्या बोटांची आग होत असे आणि त्या पुन्हा पुन्हा हात धुऊन येत. आईला मदत करून आल्या आहेत, हे न विचारताच कळत असे. आम्ही त्या काळात अंगणवाडी सेविकेशी बोलून बाळांना लवकर घेण्याची व्यवस्था केली, आणि मुलींची हजेरी थोडी सावरली. पूर्ण सावरली असे मी म्हणणार नाही. शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले असतात, त्यांचे शिक्षण दुसऱ्या गावच्या शाळेत सुरू राहावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची तरतूद आहे. हे पत्रक मुलाच्या हातात देऊन भागत नाही, ज्या शाळेत मूल जाणार त्या शाळेला फोन करून सांगावे लागते. ज्या केंद्रप्रमुखांनी आणि शिक्षकांनी हे फोन केले, सातऱ्यांवर आणि भट्ट्यांवर जाऊन मुले परत आणली, त्यांचे काम कोणत्याही गुणवत्ता यादीइतकेच मोठे आहे. म्हणून तिसरीच्या वाचनाच्या आकड्याशेजारी जानेवारी ते मार्चमधील हजेरीचाही आकडा असावा, असे मला वाटते.

इमारती आणि साहित्य यांवर झालेल्या खर्चाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्याची माहिती आपल्या वर्तमानपत्रात वेळोवेळी येते. एक मात्र सांगते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अंतर्गत वर्षाचे संयुक्त अनुदान दहा हजार रुपये मिळते, आणि त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्या रकमेत वीजबिल, खडू, दुरुस्ती आणि वर्षभराचे सारे किरकोळ खर्च. एका लहान शाळेत लोकवर्गणीतून मोठा टीव्ही बसवला गेला, त्याच्या उद्घाटनाचा फोटो छापून आला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत थकलेल्या बिलासाठी वीजजोडणी तोडली गेली. मुख्याध्यापकांनी शेवटी स्वतःच्या पगारातून बिल भरले. हे पाहिल्यावर मला वाटते की नव्या साहित्याच्या खरेदीआधी, प्रत्येक शाळेच्या वीजबिलाची वर्षभराची तरतूद करणे हे जिल्हा नियोजनातील पहिले काम असावे.

शहरातील महापालिकेच्या शाळांबद्दल माझी तळमळ तेवढीच आहे. महापालिकेने हुशार मुलांसाठी 'सुपर ७५' उपक्रम चालवला, आकांक्षा फाउंडेशनच्या सहकार्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या, आणि अपूर्व विज्ञान मेळाव्यात मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाची मुले बाटल्या, फुगे, आरसे आणि स्ट्रॉ घेऊन इतक्या आत्मविश्वासाने प्रयोग समजावून सांगतात की मोठी माणसे मुलांसमोर रांगेत उभी राहतात. मी दरवर्षी तिथे जाते. एका उर्दू शाळेतील मुलीने मला हवेचा दाब समजावताना माझ्या चुकीच्या उत्तरावर जो संयम दाखवला, तो माझ्याकडे शिक्षिका असतानाही क्वचितच होता. हे यश शहराने अभिमानाने सांगावे. परंतु हे निवडक मुलांचे यश आहे, आणि उरलेल्या मुलांबद्दल शहराकडे सांगण्यासारखे काय आहे, हा प्रश्न उरतोच. 'असर' हे मुलांच्या वाचन-गणिताचे सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते असते, त्यामुळे जिल्ह्यातील खेड्यांतील मुलांच्या वाचनाचा स्वतंत्र अंदाज मिळतो, पण शहरातील मंगळवारी झोनमधील, सतरंजीपुऱ्यातील, आशीनगरातील मुलांचा मिळत नाही. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक होते. आता निवडून आलेले सभागृह आहे. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागातील शाळेत जाऊन तिसरीच्या वर्गात तासभर बसावे, आणि मुलांची संख्या घटल्यामुळे बंद पडलेल्या शाळांच्या इमारतींचे काय करायचे या चर्चेआधी, चालू असलेल्या शाळांतील मुले वाचतात का याची चर्चा सभागृहात व्हावी.

उन्हाबद्दलही एक शब्द. २०२५ साली राज्यभरासाठी एकच वेळापत्रक आले आणि पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ठेवण्यात आल्या. नागपूरचा एप्रिल कसा असतो हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. टिनाच्या छताखाली बसलेल्या सात वर्षांच्या मुलाकडून त्या दिवसांत घेतलेली चाचणी त्याच्या वाचनाची खरी मोजणी नाही. वाचनाची तपासणी जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत व्हावी, आणि विदर्भाच्या वेळापत्रकाचा वेगळा विचार करावा, ही मागणी शिक्षक संघटनांनी केली आहेच. मी तिला माझा पाठिंबा जोडते.

आता मुद्द्याची मागणी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती नेमली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले. या समितीपुढे वर्षअखेरीस एक पानाचा अहवाल ठेवावा. त्यात तिसरीत मुले किती आणि त्यांतील नवा मजकूर समजून वाचणारी किती, जानेवारी ते मार्चमधील हजेरी, शिक्षक वर्गाबाहेर होते ते दिवस, आणि आलेल्या अनुदानाचा खर्च, एवढे साध्या मराठीत, जिथे माध्यम हिंदी किंवा उर्दू आहे तिथे त्या भाषेत, लिहावे. ते पान शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. शहरात ग्रामसभा नसते, तिथे पालकसभेत वाचावे. या आकड्यांवरून शाळांची क्रमवारी लावू नये आणि शिक्षकांना नोटिसा देऊ नयेत, अन्यथा पुढच्या वर्षी सगळ्याच शाळांतील सगळीच मुले कागदावर वाचू लागतील. ज्या शाळेत आकडा कमी दिसेल, तिथे केंद्रप्रमुखांनी महिन्यातून दोनदा जावे, वाचनासाठी रोजचा एक तास राखून ठेवावा, रिक्त पद आधी तिथे भरावे. गावकऱ्यांनाही आपला वाटा कळेल. माझ्या शाळेत पारावरील वाचन सुरू झाल्यावर गावातील दोन बारावी झालेल्या मुली संध्याकाळी लहान मुलांना वाचायला बसवू लागल्या, आणि त्यासाठी कोणीही शासन निर्णय काढला नव्हता.

जूनच्या अखेरीस शाळा उघडतील, प्रवेशोत्सव होतील. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी गावोगावच्या शाळांत जातील, मुलांना फुले आणि पुस्तके देतील, बैलगाडीतून मिरवणूक निघेल, गोड जेवण होईल. ते सारे व्हावे, मुलांना ते फार आवडते. त्या दिवशी पाहुण्यांनी चौथीत नुकत्याच गेलेल्या पाच मुलांना जवळ बोलवावे आणि पुस्तकाबाहेरच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. आपल्या वार्ताहरांनाही मी हेच सुचवेन. शिष्यवृत्तीधारक मुलांची छायाचित्रे आपण छापता, ती छापत राहावे. सोबत आपल्या अंकाची एक प्रत घेऊन जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यातील एकेका शाळेत जावे, मुलांना त्यातील एखादी बातमी वाचायला द्यावी, आणि जे दिसेल ते जसेच्या तसे लिहावे. माझ्याकडे येणारी ती मुलगी आता 'म्हशीच्या' वाचते; परवा तिने किराणा दुकानाच्या पाटीवरचे 'उधारी बंद आहे' वाचून दाखवले आणि 'धारी' म्हणजे काय, असे विचारले. 'उ' तिने वेगळा तोडला होता. जुलैपासून आम्हाला तिथून पुढे जायचे आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
नागपूर